उन्हाचा तास

आमच्या मुख्याध्यापकांनी ऊनसुद्धा वेळापत्रकात बसवलं होतं, त्याची गंमत सांगतो. मी मोखाड्याकडच्या एका निवासी शाळेत शिकवतो. तपासणीत आमच्या नववीच्या मुलींचं ड जीवनसत्त्व कमी निघालं. एरवी पोरी ठणठणीत, कबड्डीत समोरच्याला लोळवतात. घरी असल्या की दिवसभर शेतात असतात, इथे आम्ही त्यांना शहाणं करायला दिवसभर वर्गात कोंडतो. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण उन्हातही बसवा. मग अकरा ते साडेअकरा उन्हाचा तास सुरू झाला.

हा तास बघायला जिल्ह्याहून साहेब येणार असं कळलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मैदानावर मांडव घाला."

मी म्हटलं, "सर, उन्हाचा तास आहे."

"तो मुलींचा. साहेबांचा नाही."

साहेब आले आणि मांडवात उभे राहून अर्धा तास सूर्यप्रकाशाचं महत्त्व सांगत राहिले. ते ऐकायला मुलीही मांडवातच. शेवटी त्यांनी पोशेऱ्याच्या सुनंदाला विचारलं, "रोज बसता ना गं उन्हात?"

"बसतो साहेब. आज तुम्ही येनार म्हणून सावलीत बसवलं."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला मीच पढवलं होतं.

साहेब मात्र खूश. जाताना भेटवहीत लिहून गेले, "उपक्रम स्तुत्य. मुलींना ऊन लागू नये म्हणून शाळेने घेतलेली काळजी विशेष उल्लेखनीय."