शिपायाचं बिऱ्हाड कुंभारआळीत

माझं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या वाटंवर, सात घरांची वस्ती, म्हशी आन् नाचणी, दुसरं काय न्हाई. माझा बा तूप काढून भोरात घालायचा आन् म्या आठ-नऊ वर्साची असल्यापासनं त्याच्या मागनं डोईवर गाडगं घिऊन चालत यायची. तवा राजाचं भोर होतं. लोकांनी भोर बघितलं ते पुढनं, राजवाडा, नदी, पेठ. म्या बघितलं ते समदं मागल्या दारानं, कारन तूपवालीला पुढच्या दारात कोन घेतंय. आन् मागल्या दाराला मानूस खरं कसं हाये ते कळतं, सांगते तुमाला. पुढं या-बसा म्हननारी बाई मागं येऊन तुपात बोट घालायची, चाखायची, पुन्यांदा घालायची, पोराला चाटवायची आन् मग म्हनायची, वास मारतोय गं, नको. असली मानसं म्या परकर नेसायच्या वयात बघून ठिवली.

लगीन झालं ते वेल्ह्याकडं, पालीच्या जवळ, राजगडाच्या पायथ्याला. भाताचं चार तुकडं आन् सासू. मालक चौथी शिकल्यालं. चौथीचा ताठा किती असावा मान्साला, तर औत धरायचं झालं की त्यांची कंबर दुखायची आन् कुनाचं कागद वाचायचं झालं की चार मैल चालत जायचं. मग राजाचं राज्य गेलं, भोर सरकारात आलं, कचेरीत नवी मानसं घेतली, तवा कुनाच्या तरी शब्दावर मालक शिपाई लागलं. पितळंचा बिल्ला मिळाला. बिल्ला मिळाला त्या दिवसापासनं चाल बदालली बगा, शेताच्या बांधावरनं बी असं चालायचं की जनू मागनं सायेब येतुया.

मला तवा तीन पोरं. थोरली ठकी सात वर्साची, तिच्या पाठचं दोन पोरगं. ठकी दोन वर्साची असताना तापानं फनफनली, ताप गेला तो कान घिऊन गेला, आन् ऐकूच येईना तर बोलनार कुठनं, मुकीच ऱ्हायली. गावात तिचं काय अडलं न्हाई. कुनाच्या बी घरात शिरायची, कुनाच्या बी ताटात बसायची, मुके म्हनून बोट हालवलं की हासत यायची. लंगड्याला लंगडा म्हनत्यात तसं ते, त्यात वंगाळ काय नव्हतं.

मालक वरीसभर भोरात येकटं ऱ्हायलं. मग म्हनाय लागलं, बिऱ्हाड करायचं, पोरं शाळंत घालायची, हितं डोंगरात काय हाये. माझी ना नव्हती. येका रविवारी आलं, जेवलं, आन् दात कोरत कोरत सांगितलं, खोली बघितली, वरच्या आळीत, समदी चांगली मानसं हायेत, शाळा जवळ, आड अंगनात, रस्त्याला दिवा. घरमालक जुन्या दरबारातलं कारकून, त्यांना समदी अण्णा म्हनत्यात. म्या म्हनलं, बरं झालं. तर म्हनलं, येवढंच हाये की अण्णांची सून पोटुशी हाये, मुक्या पोरीची सावली तिच्यावर नको म्हनत्यात, तर ठकीला हितं आईपाशी ठिवू. असं म्हनलं आन् काडी टाकून दिली.

काय सांगू तुमाला. आपली पोर ठिवून जायची, आन् ते बी अशा घरात ऱ्हायाला जायचं. म्या इचारलं, तुमी काय म्हनला त्यांना? तर म्हनलं, म्या काय म्हननार, त्यांचं घर हाये. सासू चुलीपाशी बसली होती. तिला दिसायचं कमी झालं होतं. ती म्हनली, ठिवा की, पर ती हिरीत पडली तर तिला हाक मारता यायची न्हाई आन् मला दिसायची न्हाई, येवढं बगा. म्हातारी तोंडाची फटकळ होती, पर त्या घरात अक्कल तिलाच होती.

दुसऱ्या दिसाला मालक पुढं गेलं. म्या धाकटी दोन पोरं सासूपाशी ठिवली, ठकीचा हात धरला आन् मागनं निघाले. दिवस कलता कलता भोरात पोचले. बाच्या वळखीची येक तेलीन होती, तिच्या वसरीला पडले. मालकांना पत्ता लागू दिला न्हाई. मनात म्हनलं, तुमी पुढच्या दारानं आळी बघितली, आता म्या माझ्या पद्धतीनं बघते. खोली हाये का म्हनून म्या कुठं इचारलंच न्हाई. ठकीला पुढं सोडायची आन् आपुन मागं हुबं ऱ्हायचं, बास.

पयली ती वरची आळीच बघितली. लई सारवल्यालं, लई गप. दुपारची येळ, येक पोर रस्त्यात खेळत न्हाई, जनू समदी पोरं डब्यात घालून ठिवल्याली. ठकी येका पायरीवर जाऊन बसली तर आतनं बाई आली आन् हात झाडाय लागली, कोंबडी हाकलावी तशी. ठकीला वाटलं खेळतीया, ती बी हात झाडाय लागली. तर बाईनं दार लावून घेतलं. चांगली मानसं ती.

मग देवळाच्या मागची आळी. तिथल्या बायका मऊ. ठकी मुकी हाये म्हनल्यावर चार जनी जमल्या, अरेरे म्हनल्या, बिच्चारी म्हनल्या, येकीनं पदर डोळ्याला लावला. लाडू दिला तो बी वरनं सोडला, हाताला हात लागू नये म्हनून. आन् मग मला इचारत्यात, मागल्या जन्मी काय झालं आसंल वो तुमच्या हातनं? म्या म्हनलं, मागल्या जन्मी तुमच्या शेजारी ऱ्हात आसंन. हाकलनारी परवडली, तिचं दार लागतं तरी. ह्या रोज उठून पोरीला बिच्चारी म्हननार, आन् पोर बिच्चारीच व्हनार.

तिसऱ्या दिवशी नदीच्या अंगाला उतरले. तिकडं कुंभारांची घरं, त्याच्या खाली भोयांची. धूर, चिखल, कुत्री, पोरांचा हा कालवा. येक कुंभारीन अंगनात मडकी वाळत मांडत होती, सारजाबाई तिचं नाव. काळी, उंच, तोंडात शिवी असल्याशिवाय पानी बी पीत न्हाई अशी. तिचा पोरगा आन् ठकी कवा येक झाली कळलंच न्हाई, दोघांनी मिळून वल्ल्या मडक्यात हात घातला आन् दोन मडकी बसवली खाली. सारजाबाई आली, पोराच्या पाठीत येक धपाटा घातला आन् लगोलग ठकीच्या पाठीत येक. मोजून येकच, तेवढ्याच जोराचा. ठकीनं भोंगा पसरला, तो इचित्र आवाज ऐकून तिनं माझ्याकडं बघितलं. म्या म्हनलं, मुकी हाये. ती म्हनली, मुकी हाये, पर हाताला काय झालंय तिच्या, मडकी कशी मोडली बराबर? आन् दोघांला भाकरी मोडून दिली आन् मोडल्याला चिखल पुन्यांदा मळाय बसवलं.

माझ्या पोरीला भोरात कुनी मारलं न्हवतं. हाकललं, तिच्यासाठी डोळं पुसलं, पर दुसऱ्याच्या पोरासारखं कुनी मारलं न्हवतं. म्या तिथंच खाली बसले आन् इचारलं, बाई, हितं खोली मिळंल का? ती म्हनली, मागली हाये, सरपन असतंय तिथं, सरपन काढा आन् ऱ्हावा.

संध्याकाळी कचेरी सुटायच्या टायमाला म्या रस्त्यात हुबी ऱ्हायले. मालकांनी मला बघितलं आन् पयलं मागं बघितलं, कोन सायेब बघत न्हाई ना. म्या सांगितलं, खोली झाली, कुंभारआळीत. तर तोंड असं झालं की जनू मयताची बातमी दिली. म्हनलं, शिपाई मानूस म्या, लोक काय म्हनतील, मडकीवाल्यात ऱ्हातुया? म्या म्हनलं, तुमी ऱ्हावा चांगल्या मानसात, म्या पोरं घिऊन हितं ऱ्हाते. आन् ऱ्हायले. धाकटी दोन घिऊन आले, सरपन काढलं, जमीन सारवली. मालक आठ दिवस खानावळीत जेवलं. नवव्या दिवशी ट्रंक घिऊन आलं. सारजाबाईनं इचारलं, ह्यो कोन? म्या म्हनलं, पोरांचा बा हाये, पोटानं आनलाय.

लई ग्वाड सांगत न्हाई तुमाला. भट्टी लागली की डोळ्यातनं पानी थांबत न्हाई, सरावनात नदी उंबऱ्यापातुर येती, भोयांच्यात दोघं पिऊन पडत्यात. पर येक सांगते आन् मग ज्याला जे म्हनायचं ते म्हना.

बाजाराचा दिवस होता, ठकी नऊ वर्साची आसंल. गर्दीत माझा हात सुटला. म्या आळीत पळत आले तर सारजाबाई हातातलं टाकून निघाली, भोयांची मानसं निघाली, कुनी नदीकडं, कुनी स्टँडाकडं. दिवस बुडायच्या आत म्हातारा भोई तिला खांद्यावर बसवून घिऊन आला. कचेरीच्या समोर सापडली, लोक गोळा झाल्यालं, कुनाची पोर गं तू म्हनून इचारत होतं आन् ती नुसती रडत होती. म्हातारा म्हनला, कुंभाराकडली आमची ठकी हाये, आन् उचलली.

मालक घरी आलं, जेवलं न्हाईत, भिंतीकडं तोंड करून बसलं. मग त्यांनीच सांगितलं. ते कचेरीच्या दारात हुबं होतं. ठकी दिसली होती. रडताना दिसली होती. सायेबाचं पाव्हनं आल्यालं, त्यांच्या म्होरं, ही मुकी माझी हाये असं म्हनाया जीभ उचलली न्हाई. सांगता सांगता मानूस रडाय लागलं. मनात म्हनलं, देवानं घरात मुकं येकच दिलं न्हाई, दोन दिलीत. त्या भोयाला कोन सायेब न्हवता, म्हनून त्याला तोंड होतं. म्या मालकांच्या म्होरं ताट सरकवलं आन् ठकीपाशी जाऊन झोपले. माफ केलं का म्हनून इचारू नका. भाकरी मातर येक दिवस चुकवली न्हाई.

आता त्याला लई दिवस झालं. दोन्ही पोरं शाळा शिकली, थोरला टपालात लागला. सारजाबाईचं गुडघं गेलं, शिव्या हायेत. ठकीचं लगीन झालं न्हाई, येक दोन स्थळं आली ती म्हाताऱ्याची, दुसरेपनावर, म्या दारातनंच वाटंला लावली. आळीतल्या बायका माती आनायला, कामाला जाताना तानी पोरं तिच्यापाशी टाकून जात्यात. ऐकू येत न्हाई म्हनून ती डोळा हालवत न्हाई पोरांवरनं. आन् वरच्या आळीतली मानसं पगारी आया ठिवून पोरं पाळत्यात आन् त्या आया पेंगत्यात.

मालक आता नाईक झालं, शिपायांच्या वरचं. परवा म्हनत होतं, वरच्या आळीत दोन खोल्या निघाल्यात, ठकी मोठी झाली, आता कोन काय म्हननार न्हाई, त्यातल्या मागल्या खोलीत ऱ्हाईल. म्या म्हनलं, जावा की, तुमची ट्रंक तयारच हाये. गेलं न्हाईत. ठकीच्या हातची भाकरी खात्यात आन् म्हनत्यात, तुझ्यापरास पातळ थापती. थापती खरं. तिच्या हाताला देवानं असंच बळ द्यावं, बाकी ज्याचं त्याच्यापाशी.