मंगळवारचं पोट

दवाखान्याच्या बाकावर माझ्या समोरच्या बाईंचा अंगठा फाइलच्या कोपऱ्यावर मिनिटाला चाळीस वेळा आपटत होता. शेजारी त्यांची नणंद बसली होती.

“वहिनी, घाबरू नकोस. पोटात नळी घालतात, पाच मिनिटांत बाहेर.”

“माझं पोट ठणठणीत आहे गं.”

“मग दर मंगळवारी पाऊण तास बाथरूममध्ये काय करतेस? तेही नळ सोडून.”

“नळ आवाजासाठी. फोनवर समुपदेशक बाई असतात. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या दाराला कडी लागते?”

“अगं, तुझ्यापायी आई चार महिने सगळ्या घराला बिनतिखटाचं रांधतेय. दादा रडकुंडीला आलाय.”

“हसू नकोस, मलाही हसू येतंय.”

“पण समुपदेशक कशाला?”

“शाळेत मला मुख्याध्यापिका करायचं चाललंय. ते आठवलं की छाती धडधडते. त्या विचारतात, तुम्हाला व्हायचंय का? मी म्हणते, पुढच्या मंगळवारी सांगते.”

“दादानं तर तुझ्या नावाची, ‘मुख्याध्यापिका’ लिहिलेली पाटीपण करून आणली.”

“पितळेची. तीच बघून धडधडतं.”

दारातून नर्सनं हाक मारली, “पोटाच्या पेशंट, चला आत.”

“सिस्टर, नळी राहू द्या. मला मुख्याध्यापिका व्हायचं नाही. मी सातवीला विज्ञानच शिकवणार.”