शनीचं कडं आणि मैनाचे निरोप

नाव सुगत पुंजाराम गवई, वय ६४ वर्षे, धंदा एसटीतून निवृत्त वाहतूक नियंत्रक, सध्या कादंबरीलेखन (हे लिहायचे का, असे हवालदार साहेबांनी विचारले, मी लिहाच म्हटले), राहणार दर्यापूर, जि. अमरावती.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी एकटा राहतो. माझी पत्नी मैना गेल्या वर्षी आजाराने वारली. उपचारासाठी ती अकोल्याला मुलगी अपेक्षा हिच्याकडे होती व मी इकडे. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची. तिचा फोन तिच्याआधीच बंद पडला. त्यामुळे तिचा आवाज फक्त माझ्या मोबाइलमध्ये होता.

मी 'शनीचं कडं' ही विनोदी कादंबरी लिहिली आहे. शनी ग्रहाचे कडे चोरीला जाते व दर्यापूरचा एक गुप्तहेर उडत्या काळीपिवळीतून तपासाला जातो, असे कथानक आहे. गाडीत यंत्राबाई नावाचे बोलके यंत्र आहे. ती त्याला सारखी झापते आणि शेवटी चोरही तीच पकडते. यंत्राबाईचे बोलणे मैनाचे आहे. मी पदरचे काही घातले नाही, उलट थोडे कमीच केले.

त्यावर मालिका काढायला मुंबईची एक कंपनी आली. यंत्राबाईला आवाज देणाऱ्या रागिणी मॅडमना आपली वऱ्हाडी बोली येत नव्हती. त्यांनी मैनाचे निरोप ऐकून शिकावे म्हणून मी माझा मोबाइल कंपनीचे व्यवस्थापक नितेश यांच्या हाती दिला. "यात माही बायको आहे, सांभाळा," असे मी बोललो होतो. ते हसून हो म्हणाले.

पुढे चॅनलवाल्यांनी ठरवले की, यंत्र हुशार आहे तर ते शुद्ध बोलले पाहिजे. वऱ्हाडी त्यांनी शनीवरच्या स्वयंपाक्याला दिली. म्हणजे आम्ही फक्त हसवायचे आणि अक्कल दुसऱ्याची. मला राग आला, पण तो मी गिळला. शूटिंग संपल्यावर मोबाइल परत आला, तो कोरा होता. नितेश म्हणाले, "काका, तो शूटिंगसाठी यंत्राबाईच्या डब्यात पडदा म्हणून लावला होता. कॅमेऱ्यासमोर जाणारा फोन आम्ही आधी रिकामा करतो. कोणाचं खासगी पडद्यावर दिसायला नको." अकोल्याच्या मोबाइलवाल्यानेही हात टेकले.

हे कळल्यावर रागिणी मॅडमचा फोन आला. त्या रडत होत्या. "काका, मला सगळं पाठ आहे," म्हणाल्या, आणि हुबेहूब मैनासारख्या बोलल्या, "काहून लिहूनच राहिले जी? जेवले काय?" मी "हो, जेवलो" म्हणालो. मी जेवलो नव्हतो. मग मी फोन ठेवला. आता त्यांचा फोन आला की उचलावासा वाटतो आणि उचलवत नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

मला भरपाई नको. हवालदार साहेब म्हणतात, "मोबाइल तर तुमच्याजवळच आहे, मंग गेलं काय ते लिहू?" मी म्हटले, "बायको दुसऱ्यांदा गेली असं लिहा." त्याला कलम नाही हे मला समजते.

हा जबाब संगणकावर घेऊन साहेबांनी मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. मैनाचे वाक्य मी त्यांना दोनदा वाचायला लावले. शब्द बरोबर आहेत.