कंपन्या तपासल्या, घरमालक राहिला

चूक कंपनीची नाही, हे मी घसा फोडून सांगत होते. पण चौथी शिकलेल्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? चंदीगडच्या आमच्या फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी ह्यांनी तीन कंपन्यांची परीक्षाच घेतली होती. काम कसं आखता, कोण तपासतं, सगळ्याला मार्क. पहिली आलेली निवडली. तरी नव्या बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छतातून ठिबकलं.

ह्यांनी कंपनीच्या मालकाला झापलं, "आपके काम में मॅच्युरिटी ही नहीं!" मालक चिडून सुपरवायझर गुरमीतला म्हणाला, "कल से मत आना." गुरमीत मान खाली घालून हत्यारं पिशवीत भरू लागला.

मी म्हटलं, "अरे, नौकरी जा रही है तेरी. अब तो बोल!"

"आंटीजी, टाइल से पहले पानी भरके लीकेज देखना था. आपके सर बोले, परसों घर में सत्यनारायण है, टाइल आज ही लगा दो."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कंपनी पक्कीच होती हो, गिऱ्हाईक कच्चं निघालं. मालकाने हळूच विचारलं, "तो गलती किसकी मानें, आंटीजी?"

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलं: "प्रभाकर."