बरोबरी मागायला तोंड लागतं

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, बुद्धिबळ मंडळाचे सभासद आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

घोडा अडीच घरं चालतो, यापलीकडे मला या खेळातलं काही कळत नाही. भरदिवसा एवढे दिवे कशाला, हे मात्र मी आल्याआल्या विचारलं. असो.

आज माझ्या थोरल्या दिरांना आपण निरोप देतोय. उद्या ते आणि जाऊबाई कायमचे लेकीकडे चालले. आपल्याला ठाऊकच आहे, भावजी आणि आमचे हे एका छताखाली राहून कित्येक वर्षं बोलत नव्हते. कारण काय? घरच्या डावात भावजींनी उंट उचलला नि परत ठेवला. हे म्हणाले, "हात लावला की खेळायचं!" झालं! तेव्हापासून "त्यांना सांग, पाणी तापलंय" हेसुद्धा आम्ही जावांनी पोहोचवायचं. भावजी असेच अबोल जाणार, या धास्तीनं मी रोज देवापुढे हात जोडत होते.

आणि गेल्या रविवारी, स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, दोघे समोरासमोर! भावजींनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं; यांनीही तेच. त्यांनी घोडा काढला, यांनीही घोडा. जाऊबाई कुजबुजल्या, "अगं, आरशापुढे बसलेत का हे?" वजिरानं वजीर मारला, हत्तीनं हत्ती. शेवटी प्यादी प्याद्यांना अडून उभी आणि दोन राजे बिचारे येरझारा घालताहेत. जिंकणं कोणाच्याच हातात नाही.

पण बरोबरी हवी तर समोरच्याला तोंडानं विचारावं लागतं. यांनी पंचांना बोलावलं, "त्यांना विचारा, बरोबरी हवी का."

पंच म्हणाले, "मी पंच आहे, पोस्टमन नाही. तुम्हीच विचारा."

यांचे कान लाल. माझं नामस्मरण सुरू.

"दादा… बरोबरी?"

भावजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास, धाकट्या? ऐकू नाही आलं."

"दादा, बरोबरी करायची का?"

"अजून एकदा म्हण."

या वेळी यांनी नुसता हात पुढे केला. भावजी "मान्य" म्हणाले आणि हातात घेतलेला हात सोडीचनात. पंच म्हणतात, "अहो, निकालावर सही तरी करू द्या त्यांना!"

तेव्हापासून दोघांची तोंडं मिटलेली नाहीत. मंडळानं ही स्पर्धा भरवली, त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू? माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आत्ताही पहिल्या रांगेत जुंपली आहे: उद्यापासून फोनवर खेळायचं, तर पांढरी मोहरी कोणाची? अध्यक्ष महाराज, आपण समजूत घालायला उठताय. कृपा करून बसा. हे भांडण कोणीही मिटवू नका.