न विचारलेलं आडनाव

(कायझर्सलाउटर्न, २००६. रविवार दुपार. स्वयंपाकघरात शुभा आणि तिची सतरा वर्षांची मुलगी ईप्सिता.)

ईप्सिता : काल कप कमी पडले? आई, कपाटात सहा होते. मीच पुसून ठेवलेले.

शुभा : घाईत हाताला आला तो दिला. एवढं काय त्यात?

ईप्सिता : सुधामावशीला चांगला कप, शिरीषकाकांना, मला. कागदी फक्त डॅनिएलला. माझ्या वर्गातला मुलगा, फिजिक्सची वही द्यायला आलेला.

शुभा : त्याच्या लक्षातही आलं नसेल.

ईप्सिता : जिन्यातच बोलला. त्याचे बाबा इथल्या अमेरिकन तळावर होते ना, त्यांची आई अलाबामाची. तिच्या लहानपणी तिथे काळ्यांचा पाण्याचा नळ वेगळा, गोऱ्यांचा वेगळा. हे तो हसत सांगत होता. हसत, आई!

शुभा : मी काही त्याला दाराबाहेर उभं केलं नाही.

ईप्सिता : गेनाऊ, अगदी बरोबर. साताऱ्याच्या आजीनंही तुला घरात घेतलंच होतं. तू त्यांच्या जातीची नाहीस म्हणून कप तेवढा न्हाणीच्या कोनाड्यात.

शुभा : कोण बोललं तुला हे?

ईप्सिता : बाबा.

शुभा : त्यांचं काय जातंय सांगायला! चार वर्षं तो कप मी वेगळा विसळला. हे शेजारी बसून पेपर वाचायचे.

ईप्सिता : मग तुला तर कळायला हवं होतं!

शुभा : सुधा त्याच्या हातांकडे बघत होती गं. नऊ वर्षं झाली, इथल्या मराठी मंडळात तिलाच काय, कुणालाच माझं माहेरचं आडनाव माहीत नाही. विषय निघाला की मी उठून चहा टाकते. काल तिनं तोंड वाकडं केलं आणि माझा हात... आपोआप गेला तिकडे.

ईप्सिता : म्हणजे तुझं झाकायला त्याला...

शुभा : हो. म्हण, म्हण.

ईप्सिता : ते आडनाव मलाही नाही सांगितलंस. मी लोकांना काय सांगू, मी कोण?

शुभा : इंडियन सांग. इथे तेवढं पुरतं.

ईप्सिता : नाही पुरत. डॅनिएल इथेच जन्मला, तरी रोज विचारतात, खरा कुठला? मलाही. आम्ही दोघं त्यावर हसायचो.

शुभा : बोलाव त्याला परत. मी माफी मागते त्याची.

ईप्सिता : सकाळी फोन केला होता मी, परत ये म्हणून.

शुभा : मग?

ईप्सिता : म्हणाला, नको. तुझ्या आईला अवघडल्यासारखं होईल.