स्टॅन्ली झुंगूची लाल गुशेशे

खेथी : मामा, आधी तोंड मिट. गाडीकडे असा बघत राहिलास तर त्या किंमत वाढवतील.

मामा : हळू बोल. गोगो आजी चहा टाकायला आत गेल्यात, बहिऱ्या नाहीत त्या.

खेथी : ऐकू दे की. घरी दिवसभर ऐकवतोस, शाळा सोडली, टायरच्या दुकानात हात काळे करते. आणि गाडी बघायची वेळ आली की मलाच उठवून आणतोस. मग बघू दे. टॉर्च दे इकडे.

मामा : बघ. पण बोलताना जरा जपून. नवरा जाऊन वर्ष झालंय त्यांचा. गेल्याच महिन्यात सुतकाचे काळे कपडे जाळले. स्टॅन्ली बाबांचे कोट, बूट, सगळं नातेवाइकांनी वाटून नेलं. ही तेवढी राहिली.

खेथी : फाटके बूट नेले आणि गाडी सोडली? तुला काहीच शंका आली नाही?

मामा : खेथिवे, काटलेहोंग वस्तीतली ही शेवटची लाल गुशेशे गाडी आहे. असलं चौकोनी तोंड आता कुणी बनवत नाही. आणि तो आवाज...

खेथी : आवाज डब्यात भरून मामीला नेणार आहेस का? तिने ती पांढरी टॅक्सी बघून ठेवलीय, पंधरा सीटची. चार वाजता टॅक्सीवाल्याला भेटायला जायचंय तिला. बावीस वर्षं खाणीत घातलीस आणि निघताना त्यांनी हातावर पैसे ठेवले ते एवढेच. परत कुणी देणार नाही. टॅक्सी रोज कमावून आणेल. ही नुसती पेट्रोल पिईल.

मामा : ठाऊक आहे मला.

खेथी : ठाऊक असून?

मामा : थुलानीदादा गेला तेव्हा मी सतराचा होतो. तुझ्याएवढा.

खेथी : झालं सुरू.

मामा : शवपेटी दारात ठेवलेली. गोळीबाराचे दिवस ते, लोक रडायलाही घाबरायचे. माझी आई दगडासारखी बसलेली. आणि गल्लीच्या तोंडातून ही आली. पेटीसमोर थांबली नाही, फिरायलाच लागली. एका जागी, खुंटीला बांधल्यासारखी. धूरच धूर. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला, दारावर बसला, स्टिअरिंगला नुसता एक पाय. आणि दर फेरीला, पेटी समोर आली की हॅट काढायचा. दर फेरीला, खेथी. तेव्हा आई रडली. पहिल्यांदा.

खेथी : शंभर वेळा ऐकलंय.

मामा : आई अजून विचारते, तो कोण होता म्हणून. आणि परवा जाहिरातीत फोटो बघितला. डाव्या दिव्याजवळचा तो पोचा. स्टॅन्ली झुंगू! गाडी फिरवण्यात सगळीकडे नाव होतं त्यांचं, पण तोच आपल्या दारात आला होता, हे परवा कळलं मला.

खेथी : बरं, मी खाली शिरते. माझे पाय तुडवू नकोस.

मामा : काय दिसतंय?

खेथी : मागच्या चाकांच्या वर रबराचे मणी चिकटलेत. करपलेले, मूठभर. जाहिरातीत काय लिहिलंय? मालक गाडी फक्त रविवारी चर्चला नेत असत. चर्चला प्रदक्षिणा घालायचा का?

मामा : स्पिनिंगची, गोल फिरवायची गाडी आहे, हे मला माहीतच आहे.

खेथी : मग हे पण बघ. वाक. अजून वाक, कंबर मोडणार नाही. मागची चाकं ज्या सांगाड्यावर आहेत, तो सांगाडा वरच्या पत्र्याला जिथे बोल्टने धरलाय ना, तिथे पत्रा फाटलाय. एकदा वेल्डिंग केलंय, त्याच्या शेजारी परत फाटलाय. वरून काळा रंग फासलाय. या गाडीत शंभरच्या स्पीडला गेलास तर मागची चाकं आपापल्या घरी जातील.

मामा : दुरुस्त होईल ते.

खेथी : होईल की. टॅक्सीचे पैसे गाडीत आणि मामीचं शिलाई मशीन वेल्डिंगमध्ये.

गोगो : चहा घ्या. स्कोन सकाळचे आहेत, बुडवून खा. मुली, तुझ्या गालाला ग्रीस लागलंय.

खेथी : गोगो, जाहिरातीत खोटं लिहिलंय.

मामा : खेथी!

गोगो : बोलू दे तिला. जाहिरात माझ्या मुलाने लिहिली, डर्बनला बसून. चर्चचं नाव घातलं की वस्तू खपते असं वाटतं त्याला.

खेथी : मागचा पत्रा फाटलाय.

गोगो : दोन्हीकडचा. डावा जास्त. विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं.

खेथी : तो भिंतीवरचा फोटो झुंगू बाबांचा ना? दारातून दिसतोय. डोकं चौकटीला टेकलंय.

गोगो : सव्वासहा फूट. त्याची पेटीसुद्धा मुद्दाम करून घ्यावी लागली.

खेथी : मग सीट एवढी पुढे का? मी बसून बघितलं, माझेच गुडघे स्टिअरिंगला लागतात. मागे ढकलली तर हलत नाही, गंजून बसलीय. वीस वर्षांत कुणी हलवलेली नाही ती. आणि खिडकीखाली दाराचा रंग गेलाय, बसून बसून. केवढासा तुकडा. त्यावर सव्वासहा फुटी माणूस बसला असेल?

गोगो : स्कोन घे.

खेथी : गोगो.

गोगो : स्टॅन्लीला चक्कर यायची. तिसऱ्या फेरीला ओकायचा. मला शिकवायला म्हणून बसला आणि टॉवेल मला धरावा लागला.

मामा : मा, काय म्हणताय तुम्ही?

गोगो : सून होते मी त्या घरची. खांद्यावर शाल, डोक्याला फडकं, सासऱ्यासमोर नजर खाली. बाईने गाडी फिरवली असं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. मग स्टॅन्ली गाडी चर्चच्या मागे आणून उभी करायचा. तेवढं मात्र मुलाने खरं लिहिलंय. तिथे मी त्याचा कोट चढवायची, हॅट घालायची. धुरात कोण तोंड बघतंय? टाळ्या त्याला मिळायच्या. रात्री घरी मुकाट्याने माझे पाय चेपायचा.

मामा : थुलानी खुमालो. त्र्याण्णव साल, थंडीचे दिवस. निळं फाटक.

गोगो : फाटकाला कडी नव्हती, तारेने बांधलेलं. पेटीजवळ शाळेच्या स्वेटरमधला एक मुलगा उभा होता. सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेले, त्याने एकट्याने नाही.

मामा : मी तो.

गोगो : केवढा झालास रे.

मामा : मी फेऱ्या मोजल्या होत्या, मा. एकोणीस. एकोणीसच का, ते आजपर्यंत कळलं नाही.

गोगो : तुमच्या शेजारणीने मला थुलानीचं वय सांगितलं होतं. वर्षाला एक घातली.

(मामा कप खाली ठेवतो, पण बशी सापडत नाही.)

खेथी : मामा... पत्रा तरी फाटलेलाच आहे रे.

गोगो : पोरगी बरोबर बोलते. घेऊ नकोस. तू दारात आलास तेव्हा वाटलं होतं, हौशी माणूस आहे, कोपऱ्यात उभी करून पुसत बसेल. आता तुला विकणार नाही मी. तू चालवशील.

मामा : मग मी काय घेऊन जाऊ?

गोगो : किल्ली दे. तीन फेऱ्या निघतील अजून. चौथीला फाटेल.

खेथी : आणि तिसरीलाच फाटलं तर?

गोगो : ते तू रबराच्या मण्यांवरून सांगणार, की मी? फाटकाबाहेर जा दोघं. तिकडे, खांबाच्या मागे.

मामा : मा, खरंच नको...

गोगो : खांबाच्या मागे म्हटलं ना.

(तीन फेऱ्या होतात. धूर विरतो, गाडी जागेवरच उभी.)

खेथी : ...मामा.

मामा : अं.

खेथी : दुसऱ्या फेरीला त्या खिडकीबाहेर होत्या. स्टिअरिंग सोडलं होतं. दोन्ही हात सोडले होते, मामा. साठीच्या बाई.

मामा : बघितलं मी.

खेथी : आणि गाडी कुठेच गेली नाही. वीतभरही नाही. रस्त्यावर बघ ना, तिन्ही फेऱ्यांची एकच काळी रेघ आहे. आमच्या दुकानाचा मालक स्वतःला मोठा स्पिनर म्हणवतो, त्याच्या रेघा म्हणजे सांडलेल्या शेवया.

मामा : डोळे पूस.

खेथी : डोळ्यांत धूर गेलाय.

मामा : माझ्याही गेलाय. चल, चार वाजत आले. मामीला टॅक्सीवाल्याकडेच गाठू. आणि वाटेत आईला फोन करायचाय. तिला सांगायचंय, बाई होती. वर्षाला एक.

खेथी : म्हणजे गाडी नाही घेत तू?

मामा : तूच म्हणालीस ना, फाटलीय.

खेथी : फाटलीयच. मी कुठे नाही म्हणते? नुसतं सांगतेय, डावा पत्रा कापून नवा बसवता येतो. दुकानात तुकडे पडलेत. पंधरा दिवसांचं काम. फार तर महिना.

मामा : मला काय सांगतेस? ज्यांची गाडी आहे त्यांना सांग.

खेथी : गोगो, ऐका ना. जाहिरात काढायला लावा मुलाला. शनिवारी मी वेल्डिंगचं मशीन घेऊन येते.

गोगो : आणि मजुरी?

खेथी : मजुरी नको. ते हात सोडायचं कसं, तेवढं शिकवा.

गोगो : आधी हात धुऊन ये. साबण मोरीत आहे.

मामा : खेथी, येतेस ना गं?

खेथी : तू हो पुढे. टायर गार होईपर्यंत थांबते मी.